परसातल्या कोंबड्यांसाठी घरी अळ्या वाढवताना : अळी कोणती आणि ती कशावर वाढली?

परसदार (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरामागे जेमतेम एक गुंठा मोकळी जागा आहे आणि तिथे आम्ही काही वर्षांपासून कोंबड्या पाळतो. आज लहानमोठ्या धरून २२ कोंबड्या आहेत. त्यांतल्या निम्म्या गावरान, निम्म्या ग्रामप्रिया. ज्वारी आणि मक्याचा भरडा घरचाच असतो, मात्र प्रथिनांसाठी लागणारी शेंगदाणा पेंड विकत आणावी लागते आणि खर्चाचा मोठा वाटा तिच्यावर जातो. म्हणून घरच्या ओल्या कचऱ्यावर अळ्या वाढवून कोंबड्यांना द्याव्यात असे ठरवले. आता हे काम बसले आहे, परंतु पहिल्या प्रयत्नात चार कोंबड्या माझ्या हातून गेल्या. ती चूक आधी मांडतो, कारण या विषयावरचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत अळी कोणती आणि ती कशावर वाढली हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मुंगसाने आमची एक कोंबडी मारली. ती पुरण्याऐवजी मी भोके पाडलेल्या डब्यात घातली आणि डबा खुराड्यासमोर टांगला. त्यावर माश्या बसतील, अळ्या होतील, त्या भोकांतून खाली पडतील आणि कोंबड्या टिपतील, अशी युक्ती मला कुणीतरी सांगितली होती. अळ्या पडल्या आणि कोंबड्यांनी त्या आवडीने खाल्ल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी खुराडे उघडले तेव्हा एक तलंग बाहेर आलीच नाही. ती छातीवर बसली होती, पंख सैल पडलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि मान सरळ पुढे जमिनीवर टेकलेली. मी मान हाताने उचलून सोडली की ती पुन्हा तशीच खाली जायची. एखादा ओला दोरा सोडावा तशी. संध्याकाळपर्यंत आणखी तिघींचे तेच झाले. मला वाटले मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ आली.

पशुवैद्यांनी आल्यावर प्रथम पिसे हलकेच ओढून पाहिली, ती सहज हातात आली. मान पिळवटलेली नव्हती, नुसती लुळी होती, आणि हिरवट हगवणही नव्हती. कोंबड्यांनी काय खाल्ले असे त्यांनी विचारले, तेव्हा मी तो डबा दाखवला. त्यांनी सांगितले की ही मानमोडी नाही, बोटुलिझम नावाची विषबाधा आहे. मेलेल्या जनावराच्या सडणाऱ्या मांसात, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. अळीला त्या विषाने काही होत नाही, पण ते तिच्या अंगात साठून राहते, आणि अशा थोड्याशा अळ्याही कोंबडीचे स्नायू लुळे पाडायला पुरतात. त्या चारही कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. त्या आणि तो डबा, दोन्ही मी चुना टाकून खोल पुरले.

त्यानंतर मी साध्या माशीच्या अळीचा नाद पूर्ण सोडला आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे बीएसएफ या माशीकडे वळलो. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची ही अमेरिका खंडातली, पण आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे, आपल्याकडेही, सापडते. तिची मोठी माशी आपल्या अन्नावर बसत नाही आणि तिला खाण्याची गरजही नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती आठवडाभर जगते, जोडी जमवते, अंडी घालते आणि मरते. त्यामुळे घरमाशीसारखी घाण इकडून तिकडे नेण्याची भीती तिच्यापासून फारशी राहत नाही. शिवाय जिथे हिच्या अळ्या दाटीने असतात तिथे घरमाशी अंडी घालायला कचरते, हा अनुभव मला पहिल्याच महिन्यात आला.

माझी मांडणी साधी आहे. प्लॅस्टिकच्या जुन्या टाकीचा अर्धा भाग, तळाला पाणी निथळण्यासाठी भोके आणि त्यावर नारळाच्या काथ्याचा थर. एका बाजूला सुमारे ३५ अंशांच्या चढाची फळी लावली आहे आणि तिच्या टोकाला बादली. अंड्यातून अळी चार दिवसांत बाहेर येते, दोन ते तीन आठवडे अधाशासारखी खाते, मग तिचा रंग गडद तपकिरी होतो, ती खाणे थांबवते आणि कोष करण्यासाठी कोरडी जागा शोधत स्वतःच वर चढू लागते. फळीवरून चढून ती आपसूक बादलीत पडते. मात्र सगळ्या अळ्या बादलीत पडेपर्यंत थांबू नये असे माझे मत आहे. गडद झालेल्या अळीचे कवच कडक असते. फिकट, बदामी रंगाची अळी कोंबडीला जास्त पचते. म्हणून रोज सकाळी मी चाळणीने फिकट अळ्या काढतो आणि बादलीतल्या गडद अळ्या पुढच्या पिढीसाठी राखतो.

गेल्या जुलैत मी रोज वजन केले. घरचा आणि शेजारच्या भाजीवाल्या मावशींचा मिळून दिवसाला सुमारे ३ किलो ओला कचरा पडत होता आणि त्यातून रोज ३०० ते ३५० ग्रॅम जिवंत अळ्या निघत होत्या. आपले अनुभव जरूर लिहावेत.

मालदांडी (मंगळवेढा)

आपण चूक इतकी स्पष्ट लिहिली याबद्दल मनापासून आभार. आमच्या वस्तीवर दर पावसाळ्यात मेलेल्या जनावराजवळ कोंबड्या जातात आणि त्यांना हाकलण्याची तसदी कुणी घेत नाही. आजच घरी सर्वांना हे वाचून दाखवले.

एक शंका आहे. शेणखताच्या उकिरड्यात मोठ्या चपट्या अळ्या दिसतात आणि त्याच्याच आसपास एक काळी, लांबट माशी फिरते. आम्ही तिला कुंभारीण समजून लांब राहतो. ती हीच का? आणि आमची आजी फुटक्या मडक्यात ओला कडबा आणि वाळलेल्या गोवऱ्यांचा चुरा भरून रात्री ते वारुळाजवळ पालथे घालत असे. सकाळी मडके वाळवीने भरलेले असे आणि ते पिल्लांसमोर झटकले जाई. ती पद्धत सुरक्षित म्हणावी का?

परसदार

बहुधा हीच असावी. बीएसएफ माशी दीड ते दोन सेंटिमीटर लांब, काळी आणि आळशी असते. कुंभारणीसारखी कंबर बारीक नसते, पण पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असल्यामुळे लांबून तशी वाटते. पायांची टोके पांढरी असतात. तिला डंख नसतो, चावताही येत नाही. मी ती हातावर बसवून घेतो. अळी ओळखणे अधिक सोपे आहे. घरमाशीची अळी गुळगुळीत, मलईच्या रंगाची, एका टोकाला निमुळती आणि जेमतेम सेंटिमीटरभर असते. ही अळी चपटी, चरबरीत, कडांना केस असलेली आणि दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणारी असते. बोटांत धरली तर जाड चामड्यासारखी लागते.

आजींची मडक्याची पद्धत चांगलीच आहे. वाळवी वाळलेला पालापाचोळा आणि लाकूड खाते, सडके मांस नव्हे, त्यामुळे वर लिहिलेला धोका तिथे नाही. फक्त वारुळावर कुणी कीटकनाशक ओतलेले नाही याची खात्री करावी. आजकाल घराच्या पायाला वाळवीचे औषध सर्रास मारतात.

पूर्वभाग (सोलापूर)

आमच्याकडे यंत्रमागाचे घर आहे आणि मागे छोटे परस. दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न आईचा आहे. जिवंत अळी गिळली तर ती आतून कोंबडीचे पोट पोखरते, असे तिने लहानपणापासून ऐकले आहे. दुसरा माझा. सूताला लावायच्या खळीचा उरलेला गाळ आमच्याकडे नेहमी पडतो. ती मूळची पिठाचीच असते, मग अळ्यांना चालेल का? रंगाच्या कारखान्यामागच्या नाल्याकाठी तर अळ्या आपोआप झालेल्या दिसतात, त्या उचलून आणाव्यात असेही मनात आले होते.

परसदार

आईंना सांगा की असे होत नाही. चोचीने दाबली गेलेली अळी आधी गळ्याखालच्या पिशवीत आणि मग पेट्यात जाते. खाटिकाकडे आपण ज्याला पेटा म्हणतो तो जाड स्नायूंचा अवयव खडे घेऊन अख्खी ज्वारी दळतो, तिथे अळीचे काय चालणार.

नाल्याकाठच्या अळ्या मात्र कृपा करून आणू नका. खळीबद्दलही माझे उत्तर नाही असेच आहे, कारण आजच्या खळीत पिठाबरोबर मेण, तेल आणि बुरशीनाशकही मिसळलेले असू शकते. रंगाच्या सांडपाण्यात जड धातू असू शकतात, आणि कॅडमियमसारखा धातू या अळीच्या अंगात तिच्या खाद्यातल्यापेक्षाही जास्त प्रमाणात साठतो, हे प्रयोगांत दिसले आहे. तिथून तो कोंबडीत जाणार आणि मग आपल्या ताटात.

गोठापाणी (पंढरपूर)

मी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आहे, म्हणून आकड्यांत थोडी भर घालते. जिवंत अळीत दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. सुकवलेल्या बीएसएफ अळीत साधारण ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. चरबीचे प्रमाण खाद्यानुसार पुष्कळ बदलते. परसदार यांच्या ३३० ग्रॅम अळ्या २२ कोंबड्यांत वाटल्या तर प्रत्येकीला १५ ग्रॅम येतात. त्यातला कोरडा भाग ५ ग्रॅम आणि प्रथिने फक्त २ ग्रॅम. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १६ ते १७ ग्रॅम प्रथिने लागतात. याचा अर्थ इतक्या अळ्यांनी पेंड थोडी कमी करता येते, बंद करता येत नाही. अळ्या मिळू लागल्या म्हणून पेंड एकदम थांबवली आणि महिन्याभरात अंडी निम्म्यावर आली, असे दोन घरी मी स्वतः पाहिले आहे. त्या लोकांनी दोष अळ्यांना दिला, जो अळ्यांचा नव्हता.

उलट बाजूने, चांगले उत्पादन मिळते म्हणून कोंबडीला पोटभर अळ्या घालणेही योग्य नाही. चरबी इतकी असते की कोंबडी लठ्ठ होते आणि अंडी कमी देते. एकूण कोरड्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अळी ठेवावी, असे मी सांगते. या अळीत कॅल्शियम भरपूर असते हे खरे, परंतु वरच्या हिशेबाने ते दिवसाला पाव-अर्धा ग्रॅमच भरते आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला सुमारे ४ ग्रॅम हवे असते. शिंपल्याचा चुरा चालूच ठेवावा.

अळी कशावर वाढवावी याबद्दल युरोपचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. युरोपीय संघाने कीटकांच्या प्रथिनाला २०१७ साली मत्स्यखाद्यात आणि २०२१ साली कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात परवानगी दिली, परंतु त्या कीटकांना शेण, विष्ठा किंवा हॉटेलातले खरकटे घालण्यास मनाई कायम ठेवली. घरच्या परसात आपण इतके काटेकोर राहू शकणार नाही, तरीही मांस, मासळी, अंड्याची टरफले आणि कोंबड्यांची स्वतःची विष्ठा या चार गोष्टी पेटीत कधीही जाऊ देऊ नयेत. ज्या कळपाला अळी घालायची त्याच कळपाची घाण अळीला घालणे म्हणजे रोगाला घरचा रस्ता दाखवणे आहे.

आणखी एक, घरमाशी टाळण्याचे कारण केवळ बोटुलिझम नाही. कोंबडीच्या आतड्यातल्या काही पट्टकृमींची वाढ घरमाशीच्या, भुंगेऱ्यांच्या आणि मुंग्यांच्या अंगात होते, आणि असा कीटक टिपला की कृमी कोंबडीत येतो.

मालदांडी

गोठापाणी ताई, बुरशी लागलेल्या शेंगा आणि पेंड यांचे काय करावे? आमच्याकडे पावसात भिजलेले दाणे दरवर्षी थोडे तरी वाया जातात. कोंबड्यांना ते देत नाही, पण अळीला द्यावेत का?

गोठापाणी

कोंबड्यांना देत नाही हे फार चांगले करता. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचे यकृत बिघडवते. बीएसएफच्या अळीत मात्र ते साठत नाही, असे आजवरच्या अभ्यासांत आढळले आहे. कॅडमियमच्या अगदी उलट. तरीही अळीच्या अंगाला चिकटलेला आणि तिच्या आतड्यातला माल कोंबडीच्या पोटात जाणारच, म्हणून बुरशीचा माल घातलेल्या अळ्या शेवटचा एक दिवस स्वच्छ कोंड्यावर किंवा भाजीच्या सालींवर ठेवून, धुऊन मगच द्याव्यात. मी स्वतः असला माल पेटीत न टाकता पुरून टाकते.

सीनाकाठ (मोहोळ)

हा धागा वाचून जो कुणी मार्चमध्ये पेटी मांडायला निघेल त्याला माझी विनंती आहे की त्याने जूनपर्यंत थांबावे. बंगळूर किंवा कोकणातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून मी मागच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. पेटी लिंबाच्या सावलीत होती. बाहेर ४१ अंश असताना दुपारी दोन वाजता पेटीत थर्मामीटर खुपसला तर पारा ४६ वर गेला, कारण दाटीने खाणाऱ्या अळ्या स्वतः उष्णता तयार करतात आणि माझा थर वीतभर जाड होता. अर्ध्या तासात सगळ्या अळ्या जीव घेऊन बाहेर निघाल्या. फळीवरून नव्हे, चारही बाजूंनी. भिंतीवर, लिंबाच्या बुंध्यावर, तापलेल्या फरशीवर. आणि फरशीवर पडलेली अळी मिनिटभरात वळवळायची थांबत होती. उरलेल्या अळ्या लाल मुंग्यांनी नेल्या.

त्यानंतर मी काय बदलले ते सांगतो. थर चार बोटांपेक्षा जास्त ठेवत नाही. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत आणि त्यांत तेलाचा थेंब टाकतो, त्यामुळे मुंग्या येत नाहीत आणि डासही होत नाहीत. पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळतो. नळाला रोज पाणी नसणाऱ्या घरांत हे जड जाते, म्हणून तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी मी त्यासाठीच साठवतो. ओलावा किती ठेवावा याची खूण अशी की मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर त्यात कडब्याचा चुरा मिसळावा. वासही त्यानेच जातो.

एवढे करूनही मे महिन्यात पिढी पुढे जात नाही, हे मान्य केले पाहिजे. अळी उष्णता बऱ्यापैकी सोसते, कोष सोसत नाही. प्रयोगशाळेत सतत ३६ अंशांवर ठेवलेल्या अळ्यांतून माशीपर्यंत जवळपास एकही पोहोचली नाही, तर २७ आणि ३० अंशांवर बहुसंख्य पोहोचल्या. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही ४२-४३ अंश असतात. म्हणून मी एप्रिलच्या मध्यापासून पेटी बंद करतो आणि बियाण्यापुरते कोष जुन्या माठात ठेवून माठ न्हाणीच्या ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरतो. त्या दोन महिन्यांत कोंबड्यांना शेवग्याचा पाला आणि लसूणघास वाढवून देतो. रोहिणीचा पाऊस पडला की माश्या आपोआप दिसू लागतात.

परसदार

सीनाकाठ काका, थराची जाडी माझ्या लिहिण्यातून राहून गेली होती, आपण ती नेमकी सांगितलीत. माझ्या पेटीत हा प्रकार झाला नाही तो केवळ मी जुलैत सुरुवात केली म्हणून.

डाळिंबबाग (सांगोला)

बागेत गळालेली आणि तेल्या रोगाचे डाग पडलेली डाळिंबे आमच्याकडे टोपल्यांनी असतात. ती पेटीत टाकून पाहिली. दाणे अळ्यांनी खाल्ले, साल तशीच राहिली. मात्र फवारणीनंतर चौथ्या दिवशी उचललेली फळे टाकली त्या खेपेस दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या अळ्या काळ्या पडून मेल्या होत्या. कीटकनाशक कीटकालाच मारणार, हे लक्षात यायला हवे होते. मेलेल्या आणि उरलेल्या अळ्या कोंबड्यांना दिल्या नाहीत, सर्व पेटी रिकामी केली.

पूर्वभाग

खळीचा विचार सोडला आहे. आईने अळ्यांना परवानगी दिली आहे, पण मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) ठेव असे तिचे म्हणणे आहे, कारण तो कोरड्या कोंड्यात वाढतो आणि घरात वास येत नाही. कोणते निवडावे?

गोठापाणी

घर लहान आणि कोंबड्या पाच-सहा असतील तर मीलवर्म चालेल. तो गव्हाच्या कोंड्यात वाढतो, ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची फोड पुरते. पण अळी मोठी व्हायला अडीच-तीन महिने लागतात, कोंडा विकत आणावा लागतो, आणि त्यालाही २५ ते २८ अंश मानवतात. सोलापूरच्या पत्र्याच्या खोलीत तो उन्हाळ्यात टिकणार नाही. कचरा जिरवून खाद्य मिळवायचे असेल तर बीएसएफच बरी.

तलंग (बार्शी)

मला सुरुवात करायची आहे. विक्रेते अंडी ग्रॅमवर विकतात. आठ कोंबड्यांसाठी किती ग्रॅम मागवावीत?

परसदार

ताई, मागवूच नका. एका ग्रॅममध्ये पस्तीस ते चाळीस हजार अंडी असतात. आठ कोंबड्यांच्या घरात इतक्या अळ्यांना पुरेल एवढा कचरा निघत नाही आणि उपाशी अळ्या पेटी सोडून जातात. एक मादीच एका वेळी पाचशेच्या आसपास अंडी घालते, म्हणून पन्नास-साठ कोष पुरेसे आहेत. ते मी देईन, पैसे नकोत.

सोलापूरला येणे झाले की पत्र्याचा डबा आणा, झाकणाला खिळ्याने भोके पाडून. त्यात मी कोरड्या कडब्याच्या चुऱ्यात कोष घालून देतो. एस.टी.त डबा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. घरी गेल्यावर तो मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात उघडा करून ठेवा, कारण माश्या सुटल्या तर परत येतीलच असे नाही. पिंजऱ्याला सकाळचे ऊन मिळाले पाहिजे. उन्हाशिवाय त्यांची जोडी जमत नाही. दिवसातून दोनदा जाळीवर पाणी शिंपडा, तेवढेच त्या पितात. आत एका भांड्यात आंबलेली भाजी आणि ओली भाकरी ठेवा, आणि भांड्याच्या काठावर, ओल्याला न लागेल असा, नळ्यांचा पुठ्ठा दोऱ्याने बांधा. मादी ओल्यात अंडी घालत नाही, वासाजवळच्या कोरड्या फटीत घालते. दहा-पंधरा दिवसांनी माश्या निघू लागतील. त्यानंतर रोज पुठ्ठ्याच्या नळ्यांत डोकावून पाहा. खसखशीपेक्षा बारीक, फिकट पिवळ्या दाण्यांचा पुंजका दिसला की तो पुठ्ठा तसाच उचलून पेटीवर टांगा आणि जागी दुसरा बांधा.